अकरा आठवड्यांपूर्वी म्हणजे नेमकी कोणती तारीख?

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. इंदूरला रामबागेत आमच्या नात्यातलं एक कुटुंब राहतं. नव्या सुनेला दिवस गेले होते, घर आनंदात होतं, आणि गुरुवारी २० तारखेला ती पहिली सोनोग्राफी करून आली. रिपोर्टवर गर्भाचं वय लिहिलं होतं, ११ आठवडे. रात्री तिच्या सासूबाईंचा मला फोन आला. आवाज दबका होता.

"ताई, तुम्ही गणित शिकवता म्हणून विचारते. लग्न १२ डिसेंबरला झालं. आज मोजले तर बरोबर दहा आठवडे होतात. मग हे अकरा आले कुठून?"

प्रश्नाच्या मागे काय दडलंय ते मला कळलं आणि त्या मुलीची काळजी वाटली. एका आठवड्याच्या हिशेबावरून एखाद्या सुनेकडे घरातले जन्मभर वेगळ्या नजरेनं पाहू शकतात. सासूबाईंचं वजाबाकीत काही चुकलं नव्हतं. मोजायला सुरुवात कोणत्या दिवसापासून करायची, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हे आठवडे बातम्यांमध्येही सारखे येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका विवाहितेच्या २६ आठवड्यांच्या गर्भाचं प्रकरण आलं, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये शिकलेल्या माणसांनीही विचारलं होतं की हे सव्वीस नक्की कधीपासूनचे. म्हणून आठवडे मोजत मागे कसं जायचं, हे एकदा नीट लिहून ठेवते.

## वार कधी तुटत नाही

महिना कधी २८ दिवसांचा, कधी ३१ चा. वर्ष ३६५ चं, मध्येच ३६६ चं. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, दर काही वर्षांनी अधिक महिना येतो. या सगळ्या गडबडीत वारांची रांग मात्र अखंड चालते. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी युरोपातली दिनदर्शिका सुधारली तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर आला. मधल्या दहा तारखा गाळून टाकल्या. पण ४ तारखेला गुरुवार होता आणि १५ ला शुक्रवारच आला. तारखा गळाल्या, वार गळाला नाही.

याचा फायदा मोठा आहे. पूर्ण आठवडे कितीही मागे जा, वार तोच राहतो. आज गुरुवार असेल तर अकरा आठवड्यांपूर्वी गुरुवार होता आणि एकशे अकरा आठवड्यांपूर्वीही गुरुवारच. निम्मं उत्तर न मोजताच हातात येतं. उरलेलं निम्मं, म्हणजे तारीख, चुकली तर वार जुळत नाही आणि चूक लगेच दिसते.

आपल्याकडच्या भगोरियाकडे बघा. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी या भागात होळीच्या आधीचे सात दिवस हा मेळा भरतो. प्रत्येक गावाच्या बाजाराचा वार ठरलेला असतो. सलग सात दिवसांत प्रत्येक वार एकदाच येतो, म्हणून प्रत्येक बाजारगावाच्या वाट्याला एक भगोरिया येतो. होळीपासून एक आठवडा मागे मोजला की झालं.

आणखी एक हिशेब सांगितल्याशिवाय राहवत नाही. अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा मानतात आणि त्यांचं निधन १३ ऑगस्ट १७९५ ला झालं. आजच्या दिनदर्शिकेनं मोजलं तर दोन्ही गुरुवार. मधले दिवस २५,६४१, म्हणजे बरोबर ३,६६३ आठवडे, एक दिवस कमी नाही की जास्त नाही. पहिल्यांदा हे उत्तर आलं तेव्हा मी पुन्हा सगळं मोजून पाहिलं होतं.

## आठ ठिपके, सात अंतरं

आता जिथे बहुतेकांचा पाय घसरतो ती जागा. सात दिवसांच्या काळाला आपण 'आठवडा' का म्हणतो? त्या शब्दात 'आठ' आहे. हिंदीतल्या 'हफ्त्या'त फारसी 'हफ्त' आहे, म्हणजे सात. इंदूरच्या मराठी घरात दोन्ही शब्द दिवसभर कानावर पडतात आणि दोन्ही एकाच काळाला म्हणतात.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. एका ओळीत आठ ठिपके दिले तर त्यांच्यामध्ये जागा सातच असतात. सोमवार ते पुढचा सोमवार, दोन्ही टोकं धरून बोटांवर मोजलं की आठ दिवस भरतात. 'आठवडा' हा शब्द ठिपके मोजतो, 'हफ्ता' मधल्या जागा मोजतो. 'पंधरवडा' तसाच आहे. ठिपके पंधरा, जागा चौदा. "आज सोमवार आहे, आठ दिवसांनी ये" असं म्हटल्यावर पाहुणा मंगळवारी येत नाही, सोमवारीच येतो. बोलताना आपण हे कधी चुकत नाही.

चूक होते ती लिहिताना. 'पंधरा दिवसांपूर्वी' असं ऐकलं की कुणी तारखेतून १५ वजा करतो, तर कुणी 'दो हफ्ते पहले' ऐकून १४. पूर्वी किंवा नंतर म्हटलं की मधल्या जागा मोजायच्या. आजचा दिवस शून्य, काल एक, परवा दोन. कायद्याची रीतही अशीच आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे मुदत एखाद्या दिवसा'पासून' असेल तर तो पहिला दिवस मोजणीतून सुटतो.

उलट, 'कितवा दिवस' असं विचारलं की ठिपके मोजायचे. पाचवीची पूजा, बारसं, तेरावा हे सगळे ठिपके आहेत. पहिला दिवस तिथे एक म्हणून धरला जातो.

## चार-चार आठवड्यांच्या पायऱ्या

अकरा गुणिले सात सत्त्याहत्तर, हे सगळ्यांना येतं. मग २० फेब्रुवारीतून ७७ वजा करायला बसलं की जानेवारी ३१ चा, डिसेंबर ३१ चा, अशा अडथळ्यांत बोटं संपतात. मी मुलांना दुसरी वाट शिकवते. चार आठवड्यांची एकेक पायरी उतरायची.

चार आठवडे म्हणजे २८ दिवस. २० फेब्रुवारीवरून २० जानेवारीवर गेलो तर ३१ दिवस मागे गेलो, कारण मधला जानेवारी ३१ चा. आपल्याला फक्त २८ जायचं होतं. तीन दिवस जास्त झाले, ते परत करायचे. आली २३ जानेवारी. पुन्हा चार आठवडे. मागचा महिना डिसेंबर, तोही ३१ चा, परत तीन दिवस पुढे. २६ डिसेंबर. आठ आठवडे झाले. उरले तीन, म्हणजे २१ दिवस, ते सरळ २६ मधून वजा. ५ डिसेंबर २०२४.

दिनदर्शिकेत २० फेब्रुवारी २०२५ गुरुवार आणि ५ डिसेंबर २०२४ सुद्धा गुरुवार. उत्तर बरोबर.

ज्या महिन्यात मागे उतरतोय तो ३१ चा असेल तर तारीख ३ ने वाढते, ३० चा असेल तर २ ने, २८ च्या फेब्रुवारीत तशीच राहते, २९ च्या फेब्रुवारीत १ ने वाढते. महिनाअखेरच्या तारखांना थोडं जपायचं. ३० मे च्या चार आठवड्यांपूर्वी 'एप्रिलची ३२' असं येतं, म्हणजे २ मे.

लीप वर्षाची भीती घालणारे असतात, त्यांच्यासाठी एक जोडी. २० मार्च २०२५, गुरुवार, आठ आठवडे मागे. आधी २० फेब्रुवारी, मग २३ जानेवारी. तेच २० मार्च २०२४, बुधवार, या तारखेवरून गेलो तर २१ फेब्रुवारी आणि २४ जानेवारी. २९ फेब्रुवारी विसरलात तर २३ जानेवारी २०२४ येईल, पण तो मंगळवार आहे. वारानंच चूक पकडली.

रिपोर्टवर '११ आठवडे २ दिवस' असं लिहिलेलं असेल तर आधी आठवडे मागे जायचं, वार जुळवून घ्यायचा, मग दोन दिवस आणखी मागे. हा क्रम ठेवला तर गोंधळ होत नाही.

## "पण चार आठवडे म्हणजे एक महिनाच ना?"

नाही, आणि याच समजुतीनं सगळ्यात जास्त घोटाळे होतात. चार आठवड्यांचा महिना साध्या वर्षातल्या फेब्रुवारीचा, बाकी कुठलाही नाही. बारा महिन्यांचे चार-चार धरले तर ४८ आठवडे होतात. वर्षात ५२ आठवडे आणि वर एक दिवस असतो. पूर्ण चार आठवडे हिशेबातून गळतात.

तीन महिन्यांच्या जवळचा आकडा १३ आठवडे, म्हणजे ९१ दिवस. अर्ध्या वर्षाच्या जवळचा २६, म्हणजे १८२ दिवस. ५२ आठवडे मागे गेलात तरी मागच्या वर्षीची तीच तारीख येत नाही. २० फेब्रुवारी २०२५ च्या ५२ आठवडे आधी २२ फेब्रुवारी २०२४ होती, कारण मध्ये २९ फेब्रुवारी येऊन गेली.

त्यात आपल्या भाषेची आणखी एक सवय आहे. आजी म्हणते, "तिला पाचवा लागला." लागला म्हणजे चार पूर्ण झाले, पाचवा चालू आहे. रिपोर्टवरचे ११ आठवडे म्हणजे अकरा पूर्ण झालेले, बारावा सुरू असलेला. सासूबाई 'लागलेले' महिने मोजतात, डॉक्टर 'झालेले' आठवडे. एकाच पोटाचं वय दोघी वेगळं सांगतात आणि दोघींचं बरोबर असतं.

## "लग्नाला दहा आठवडे, मग पोटात अकरा कसे?"

आता रामबागेतल्या त्या फोनकडे येते.

गर्भाचं वय मोजताना शेवटच्या पाळीचा पहिला दिवस शून्य धरतात. रिपोर्टवर त्याला एलएमपी असं लिहिलेलं असतं. गर्भ नेमका कोणत्या दिवशी राहिला हे बाहेरून दिसत नाही, बहुतेक वेळा त्या स्त्रीलाही सांगता येत नाही. पाळीची तारीख आठवते, लिहून ठेवता येते. म्हणून मोजणीची खुंटी तिथे ठोकली. पाळी २८ दिवसांची असेल तर स्त्रीबीज साधारण चौदाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडतं आणि गर्भ राहू शकतो तो तेव्हा. म्हणजे या मोजणीतल्या पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच.

इंदूरच्या माणसाला हे समजायला श्रावण पुरेसा आहे. आमच्या शेजारच्या हिंदी घरात महिना पौर्णिमेला संपतो, आमच्याकडे अमावास्येला. २०२४ मध्ये त्यांचा सावनातला पहिला सोमवार २२ जुलैला होता, आमचा पहिला श्रावणी सोमवार ५ ऑगस्टला. त्या ५ ऑगस्टला शेजारीण म्हणाली, आज तिसरा सोमवार. मी म्हणाले, पहिला. दिवस एकच, महादेवही तोच. तिची मोजणी दोन आठवडे आधी सुरू झाली होती, इतकंच. डॉक्टरांची मोजणी शेजारणीसारखी आहे, सासूबाईंची माझ्यासारखी.

आता तारखा मांडू. २० फेब्रुवारीच्या अकरा आठवड्यांपूर्वी ५ डिसेंबर. तो पाळीचा पहिला दिवस. त्यात दोन आठवडे मिळवले की १९ डिसेंबर, म्हणजे गर्भ राहिल्याचा अंदाजे दिवस. लग्न १२ डिसेंबरचं. लग्नानंतर एका आठवड्यानं. गर्भ आहे सुमारे नऊ आठवड्यांचा, रिपोर्टवर आकडा अकरा, लग्नाला झाले दहा. तिन्ही आकडे खरे आणि एकमेकांशी जुळणारे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले. भिंतीवर जुनी आणि नवी, दोन्ही दिनदर्शिका होत्या. सासूबाईंच्याच हातात पेन्सिल दिली आणि चार-चार आठवड्यांच्या पायऱ्या त्यांना उतरायला लावल्या. ५ डिसेंबरवर पेन्सिल आली तेव्हा सुनेनं आतून सांगितलं, "हो, लग्नाच्या आठवडाभर आधीच पाळी आली होती, हळदीत अडचण नको म्हणून मी तारीख लक्षात ठेवली होती." सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठून तिच्यासाठी दूध गरम करायला गेल्या.

## "पाळीची तारीख मशीनला कशी कळते?"

कळत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत मशीन गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजतं. ती साधारण चार सेंटिमीटर भरली तर तक्त्यात समोर अकरा आठवडे लिहिलेले असतात. हा तक्ताच पाळीपासूनच्या वयावर तयार केलेला आहे. त्यामुळे तारीख कुणी सांगितली नाही तरी येणारा आकडा त्याच मोजणीतला असतो, त्यात ते दोन आठवडे आधीच मिळवलेले असतात.

त्यातही पहिल्या तीन महिन्यांतल्या मापात पाच-सात दिवस इकडेतिकडे होतात, आणि शेवटच्या महिन्यांत फरक दोन-तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो, कारण तोवर प्रत्येक बाळ आपल्या अंगानं वाढायला लागलेलं असतं. म्हणून डॉक्टर पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट जपून ठेवायला सांगतात. ज्यांची पाळी ३५ दिवसांनी येते त्यांचं बीज उशिरा बाहेर पडतं. त्यांच्यात पाळीपासूनचा हिशेब आणि मशीनचा आकडा आठवडाभरानं वेगळा येऊ शकतो, आणि तेव्हा डॉक्टर सुरुवातीच्या सोनोग्राफीवरून तारीख सुधारतात.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. सोनोग्राफीच्या आकड्यावरून अंदाज बांधता येतो, एखाद्या ठरावीक दिवसाचा पुरावा त्यातून निघत नाही. त्या आकड्यावर कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावायला बसणं हा अन्याय आहे, आणि तो गणिताच्या नावाखाली होतो याचं मला जास्त वाईट वाटतं.

## कायद्यातले आठवडे

पूर्ण काळ ४० आठवड्यांचा, २८० दिवसांचा धरतात. गुरुवार ५ डिसेंबरपासून ४० आठवडे म्हणजे गुरुवार ११ सप्टेंबर २०२५. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाचा एक झटपट नियम आहे. पाळीच्या तारखेतून तीन महिने मागे जा, सात दिवस पुढे या आणि वर्ष बदला. त्यानं १२ सप्टेंबर येतं, एका दिवसाचा फरक, कारण त्यात पुन्हा कमीजास्त लांबीचे महिने आले. आपल्या बायका 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणत आल्या, ते धरलं तर १४ सप्टेंबर. तीन दिवसांच्या आत सगळे एका जागी येतात.

कायद्यात मात्र एकेका आठवड्याला किंमत असते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात २० आठवडे आणि, काही ठरावीक परिस्थितींत, २४ आठवडे या मर्यादा आहेत. आपल्या उदाहरणात २४ आठवडे २२ मे ला पूर्ण होतात. 'सहा महिने' धरणारा माणूस ५ जूनपर्यंत निवांत राहील आणि दोन आठवडे उशिरा पोहोचेल. कोर्टाची पायरी चढावी लागण्याइतका तो उशीर असू शकतो.

प्रसूती रजेचं पाहा. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ अपेक्षित तारखेच्या आधी. ११ सप्टेंबरच्या आठ आठवडे मागे गेलं तर १७ जुलै, गुरुवार. 'दोन महिने' म्हणून ११ जुलैचा अर्ज दिला तर सहा दिवस मर्यादेबाहेर गेले. माझ्या ओळखीच्या एकीचा अर्ज अशाच कारणावरून परत आला होता. सातव्या-आठव्या महिन्यात तिला पुन्हा ऑफिसचे जिने चढावे लागले.

## "मोबाइल आहे की, कशाला हे सगळं?"

मोबाइल वापराच. स्प्रेडशीटमध्ये तारखेच्या खान्यातून ७७ वजा केलेत तर ती क्षणात ५ डिसेंबर देते, कारण तिच्या पोटात प्रत्येक तारीख म्हणजे एक क्रमांक असतो आणि वजाबाकी त्या क्रमांकांची होते. पण सुरुवात पाळीपासून धरायची की लग्नापासून, शेवटचा दिवस धरायचा की सोडायचा, आठवडे पूर्ण झालेले की चालू, हे मोबाइल ठरवत नाही. दोन तारखांमधलं अंतर सांगणाऱ्या काही ॲपमध्ये 'शेवटचा दिवस धरा' असा चौकोन असतो. त्याला टिचकी बसली की उत्तर एकानं वाढतं, ठिपक्यांचं होतं. सासूबाईंच्या हातात त्या रात्री मोबाइल होताच, दहा आठवडे त्यांनी त्यावरच मोजले होते.

त्या घरात बाळ आलं ते १७ सप्टेंबरला, बुधवारी, ४० आठवडे ६ दिवसांनी. दिलेल्या तारखेपेक्षा सहा दिवस उशिरा. असं पुष्कळदा होतं. बारशाचं बोलावणं करायला सासूबाईंनी स्वतः फोन केला. "बुधवार धरून बारा," असं म्हणत त्या फोनवरच बोटं मोडत मोजत होत्या, "बुधवार एक, गुरुवार दोन..." बारा भरले तेव्हा २८ सप्टेंबर आला, रविवार.